पसरणीच्या घाटात बंद पडणारी बुलेट

सातारा,
भाद्रपद

चि. भाच्यास,


तुझी जुनी कास्ट आयर्न बुलेट पसरणीच्या घाटात पुन्हा बंद पडली आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशा थाटात चालू झाली, हे ताईकडून कळलं. आता कार्बोरेटर नवा टाकायचा बेत आहे म्हणे. थांब जरा.

जुन्या गाडीवाल्याचा पहिला राग कार्बोरेटरवर निघतो. तो समोर दिसतो, दोन नट सोडले की हातात येतो आणि उघडला की आत थोडा मळ सापडतोच. मिस्त्री हवा मारून जेट साफ करतो, गाडी पहिल्या किकला उठते, सगळे खूश. तेवढ्या वेळात इंजिन थंड झालेलं असतं, हे मात्र कोणी हिशेबात धरत नाही. तापल्यावर बंद आणि निवल्यावर चालू असा खेळ असेल, तर पहिला संशयित म्हणजे कॉईलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटच्या जोडीला असलेला, बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर.

पॉइंट उघडतात तेव्हा कॉईलमधला प्रवाह एकदम तुटतो आणि त्या तुटण्यातूनच प्लगसाठी हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. तुटताना प्रवाहाने पॉइंटच्या फटीतून उडी मारू नये, म्हणून कंडेन्सर तो क्षणभर स्वतःत साठवतो. आतलं इन्सुलेशन म्हातारं झालं की थंडपणी तो धड वागतो आणि तापल्यावर दगा देतो. मग निळसर, टचकन वाजणारी ठिणगी पिवळट आणि बारीक होते, पॉइंट जळून काळे पडतात. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ओढताना गाडी आधी मिसिंग करते, मग गप्प होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पेट्रोल कमी पडलं.

आता पेट्रोल खरंच कमी पडत असेल तर? त्याचा उगम पुष्कळदा टाकीच्या झाकणात असतो. झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं. बंद पडल्या जागी झाकण उघडावं. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला आणि थोड्या वेळात गाडी चालू झाली, तर कंडेन्सर निर्दोष. नाहीतर प्लग काढून बघावा (हात भाजून न घेता). कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पोहोचतंय, पण पेटत नाही.

जुन्या बुलेटला हेडलाईटच्या वरच्या अंगाला अ‍ॅमीटर असतो. त्याचा उपयोग बॅटरी चार्ज होते का बघण्यापुरता, असं नव्या मालकांना वाटतं. मला तर ते या गाडीवरचं सगळ्यात हुशार यंत्र वाटतं. चावी फिरवून किक हाताने सावकाश दाबली, की पॉइंट मिटताना काटा उणेकडे झुकतो आणि उघडताना मध्यावर परततो. काटा हललाच नाही, तर पॉइंटपर्यंत करंट येत नाही किंवा पॉइंट मळलेत. उणेकडे गेला आणि परतलाच नाही, तर पॉइंटची फट मिटली आहे किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. पाना न लावता एवढं निदान कुठलं मिळणार? फक्त चावी उगाच चालू ठेवू नये. पॉइंट मिटलेले असले तर कॉईल तापते.

फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेजने मोजून, अंदाजाने नव्हे. पॉइंटची फायबरची टाच झिजत जाते, तशी फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. टायमिंग मागे पडलं की इंजिन जास्त तापतं आणि ते पुन्हा कंडेन्सरच्या मुळावर येतं.

कार्बोरेटरही अगदीच सज्जन नसतो. घाटाच्या पायथ्याची वाई साधारण ७०० मीटरवर, वरची पाचगणी १,३०० च्या आसपास. एवढ्या चढात हवा सुमारे सहा टक्के विरळ होते, पण जेटमधून पेट्रोल जवळपास तेवढंच येतं. तुझ्या सांगलीत आधीच रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, लावलेली गाडी वर जाऊन काळा धूर सोडणार आणि प्लग काळा करणार. मिकार्ब कार्बोरेटरचा एअर स्क्रू आत घेतला की मिश्रण रिच होतं, बाहेर काढला की लीन. घाट चढायच्या आधी चोक मागे घेतला आहे ना, हेही बघ, हसू नकोस.

दुसरी भानगड तुमच्या उसाची, म्हणजे त्यापासून होणाऱ्या इथेनॉलची. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल जळायला हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या जेटवर गाडी थोडी लीन चालते. शिवाय इथेनॉल ओलावा धरतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर पाणी फ्लोटच्या वाटीत तळाला बसतं, तिथे पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि जुनी रबरी वायसरं फुगतात. ज्या शेतकऱ्यांच्या मुलांनी बुलेट हौसेने सांभाळल्या, त्यांच्याच उसाचा हा प्रसाद! महिनाभर गाडी उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करावी.

बंद गाडीवरचा आणखी एक गावठी उपायही ऐकशील. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया बनायची, तेव्हापासून स्कूटर आडवी करून किक मारणारी माणसं इथे गल्लोगल्ली होती. थंड इंजिनाला तो उपाय लागू पडायचा, कारण आडवी केल्याने कार्बोरेटरमधून जादा पेट्रोल जायचं. प्लग आधीच ओला असलेल्या गाडीला मात्र ते विषच. बुलेट आडवी करायचा मोह तुला होणार नाही, तिचं वजनच राखण करतं.

तेव्हा कार्बोरेटरचे पैसे खिशात ठेव. आधी कंडेन्सर आणि पॉइंट नवे टाक, फट मोजून लाव, टायमिंग बघून घे, झाकणाचं भोक तारेने मोकळं कर. पण हे सगळं एकाच दिवशी केलंस तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही. म्हणून एक बदल, मग एक घाट. जुना कंडेन्सर फेकू नकोस, इकडे येताना घेऊन ये, गरम करून तपासून बघू. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा