मत न विचारलेला मुलूख

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरची गाडी सुटली की अनकाई-टनकाईचे जोडकिल्ले मागे पडतात, नगरसूल जाते, तारूर जाते आणि रोटेगाव येते. नगरसूल नाशिक जिल्ह्यातले, रोटेगाव वैजापूर तालुक्यातले. मधली शीव कधी ओलांडली हे खिडकीशी बसलेल्यालाही कळत नाही. दोन्हीकडे तीच काळी-मुरमाड जमीन, तोच कांदा, तीच मका.

1948 पर्यंत मात्र ही दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे इंग्रजी मुलूख, पलीकडे मोगलाई. निजामाच्या हैदराबाद राज्याला इथली माणसे मोगलाईच म्हणत. हा लोहमार्गही 1900 साली निजामाच्या राजवटीतच सुरू झाला. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते. तिथे मालावर जकात भरावी लागे. पलीकडे गेले की रुपयाही बदले. हाली शिक्क्याच्या त्या रुपयावर चारमिनार कोरलेला असे आणि त्याच्या मधल्या कमानीत निजाम उस्मान अली खानांच्या नावातले ‘ऐन’ हे पहिले अक्षर. इंग्रजी सहा रुपयांना असे साधारण सात रुपये मिळत.

जून 1947 मध्ये या राजाने फर्मान काढले. हैदराबाद भारतात जाणार नाही, पाकिस्तानातही जाणार नाही; 15 ऑगस्टपासून ते सार्वभौम राष्ट्र असेल. 1941 च्या जनगणनेनुसार संस्थानात सुमारे 1 कोटी 63 लाख माणसे होती. तेलुगू, मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या या लोकांपैकी कुणालाही हा निर्णय घेण्याआधी विचारले गेले नव्हते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे त्यातच होते.

गाडी लासूर, पोटूळ मागे टाकते आणि देवगिरीचा काळा सुळका दिसू लागतो. पुढच्या काही मिनिटांत शहर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, येते.

शहरात शिरल्यावर पहिली पावले किलेअर्ककडे वळवावीत. औरंगजेबाच्या वाड्याच्या या परिसरात आज शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय आहे. निजामाच्या काळात ते उस्मानिया विद्यापीठाचे इंटरमिजिएट कॉलेज होते. नोव्हेंबर 1938 मध्ये इथल्या वसतिगृहातल्या मुलांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. बंदी आली, तेव्हा मुलांनी संप केला. हे लोण हैदराबादला पोचले आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून उडाली. त्यांना नागपूर विद्यापीठाने जवळ केले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच एक. औरंगाबादेत शिक्षक असलेले गोविंदभाई श्रॉफ मुलांच्या पाठीशी उभे राहिले आणि मग जन्मभर या लढ्याचेच झाले.

अठरा-वीस वर्षांच्या मुलांनी प्रार्थनेचा आधार घेतला, कारण दुसरी वाटच ठेवलेली नव्हती. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण 53’ या हुकुमाखाली आधी परवानगी लागे. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर 1938 मध्ये स्थापनेआधीच बंदी आली. ती उठायला जुलै 1946 उजाडला. आनंद कृष्ण वाघमारे यांचे ‘मराठवाडा’ साप्ताहिक पुण्यात छापून या मुलखात आणावे लागे. बंदी आली की नाव बदलून ते पुन्हा निघे.

अशा ठिकाणी जनमत कुठे मोजायचे? स्कॉटलंडने 18 सप्टेंबर 2014 रोजी स्वातंत्र्यावर मतदान केले, त्याआधी दोन वर्षे घरोघरी वाद झडले, पाहण्या झाल्या, सोळा वर्षांच्या मुलांनाही मत मिळाले. 84.6 टक्के लोकांनी मतदान केले आणि 55.3 टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले. हरलेल्यांनाही आपण किती आहोत हे आकड्यात कळले. मराठवाड्यातल्या माणसाला असा आकडा कधीच मिळाला नाही. त्याने आपले मत सरकारला महसूल देणाऱ्या शिंदीच्या झाडावर कुऱ्हाड घालून दिले, करोडगिरीचा नाका जाळून दिले, शाळा आणि वकिली सोडून दिले. स्टेट काँग्रेसने 7 ऑगस्ट 1947 हा भारतात सामील होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. 15 ऑगस्टच्या पहाटे तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी हैदराबादेत तिरंगा फडकवला आणि ते तुरुंगात गेले. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हातात शस्त्र घेऊन उतरल्या. बार्शी, उमरखेड अशा सरहद्दीपलीकडच्या गावांत तरुणांचे कॅम्प उभे राहिले.

सार्वमताचा विषय निघालाच नाही असे नाही. 1947 च्या ऑगस्टमध्ये माउंटबॅटन यांनी तो निजामापुढे मांडला, पण निजाम त्याला तयार झाला नाही. 29 नोव्हेंबर 1947 रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात एका वर्षाचा जैसे थे करार झाला. जून 1948 च्या मसुद्यात पुन्हा कलम आले: प्रौढ मताधिकाराने, निःपक्ष संस्थेच्या देखरेखीखाली, सामिलीकरणावर लोकांचा कौल घ्यावा. मसुदा सहीपर्यंत आला आणि मोडला. 21 जूनला माउंटबॅटन भारतातून गेले. ऑगस्टमध्ये निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली. आपल्याच प्रजेकडे ते गेले नाही.

त्याच वर्षी 20 फेब्रुवारीला जुनागढ संस्थानात मतदान झाले होते. 1 लाख 90 हजारांवर लोकांनी मत दिले आणि पाकिस्तानच्या बाजूने 91 मते पडली. पुढे गोव्यालाही हा मान मिळाला. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने 1,38,170 आणि विरोधात 1,72,191 मते पडली. महाराष्ट्राला तो निकाल कडू लागला, पण तो मान्य झाला. मोजलेल्या मताची ही ताकद हैदराबादला तेव्हा मिळाली असती, तर पुढचे कितीतरी रक्त वाचले असते.

गुलमंडीवरून शहागंजकडे चालत गेले की या शहराच्या दोन्ही बाजू एकाच रस्त्यावर भेटतात: मराठी पाट्या, उर्दू पाट्या, इत्तराची दुकाने, नानखटाईचा वास. 1948 चे जनमत म्हणजे एका बाजूला सारे हिंदू आणि दुसऱ्या बाजूला सारे मुसलमान, असे समजणे चूक आहे. लातूरचा वकील कासीम रझवी निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा पुढारी होता हे खरे आणि रझाकारांनी गावेच्या गावे लुटली हेही खरे. पण त्याच हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान भारतात सामील व्हा असे उघड लिहीत होते. सामिलीकरणाची मागणी करणारे सात मुसलमानांचे पत्रक त्यांनी छापले. 21 ऑगस्ट 1948 च्या रात्री त्यांना रस्त्यात गाठून मारले गेले आणि त्यांचा लिहिता हात तोडला गेला.

दलितांमध्येही एकच सूर नव्हता. बी. एस. वेंकटराव आणि श्यामसुंदर हे निजामाच्या बाजूने गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र नोव्हेंबर 1947 मध्ये निवेदन काढून दलितांनी निजामाची बाजू घेऊ नये असे बजावले. वेरूळवरून पुढे कन्नडच्या रस्त्याला लागले की या भूमिकेचे मूळ सापडते. कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरला 30 डिसेंबर 1938 रोजी भाऊसाहेब मोरे यांनी दलितांची परिषद भरवली आणि बाबासाहेब तिथे बोलले. आजही 30 डिसेंबरला तिथे लोक जमतात.

अखेर फैसला सैन्याने केला. 13 सप्टेंबर 1948 ला फौजा निघाल्या, दुसऱ्या दिवशी दौलताबाद हाती आले, 15 ला औरंगाबादने शरणागती पत्करली आणि 17 ला निजामाने. ते पाच दिवस दरवर्षी अभिमानाने सांगितले जातात आणि ते योग्यच आहे. त्यानंतरचे दिवसही सांगायला हवेत. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने, कारवाईच्या काळात आणि नंतर संस्थानात 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. मेलेले बहुतेक मुसलमान होते. उस्मानाबाद आणि नांदेड हे मराठवाड्याचे दोन जिल्हे सर्वाधिक झळ पोचलेल्या चारांमध्ये होते. हा अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला.

मतपेटी या मुलखात आली ती 1952 च्या सार्वत्रिक निवडणुकीत. ज्यांच्या आईबापांना सभेसाठी तहसिलीत अर्ज द्यावा लागे, ते मत टाकायला रांगेत उभे राहिले. 1957 मध्ये याच औरंगाबादने स्वामी रामानंद तीर्थांना लोकसभेवर पाठवले. तोवर मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला होता. या बदलातही सार्वमत झाले नाही, पण या वेळी वाद मोकळेपणाने झाले आणि हा बदल लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींनी केला.

रेल्वे स्थानकाकडे परतताना सिद्धार्थ उद्यान लागते. इथल्या हुतात्मा स्मृतिस्तंभापाशी दर 17 सप्टेंबरला मुख्यमंत्री ध्वजवंदन करतात आणि शाळांची मुले हजेरी लावतात. या मुलांना हैदराबादच्या लढ्याचा सगळा पट इथेच वाचायला मिळायला हवा: किलेअर्कातला संप, गश्ती निशाण 53, मक्रणपूरची परिषद, शोएबुल्ला खान यांचे लेखन, जून 1948 चा मोडलेला मसुदा आणि सुंदरलाल समितीचे आकडे. हे सारे मराठीत आणि उर्दूत, दोन्ही लिप्यांत कोरायला उद्यानात जागा भरपूर आहे. पुढच्या 17 सप्टेंबरच्या आत महापालिकेने हे काम हाती घ्यावे.