सहा जणांचा तंबू

तंबूच्या पिशवीवर ‘चार माणसांसाठी’, ‘सहा माणसांसाठी’ असं छापलेलं असतं. आकडा खोटा नसतो, पण तो कोणत्या माणसांचा, हे तिथे लिहिलेलं नसतं. खांद्याला खांदा लावून झोपणाऱ्या, रात्रभर कूस न बदलणाऱ्या आणि सोबत एकही पिशवी न आणणाऱ्या माणसांचा तो आकडा असतो. एका माणसाला साधारण २ फूट रुंदी आणि ७ फूट लांबी, असा तो हिशोब. म्हणून चौघांच्या तंबूची जमीन ८ बाय ७ फुटांच्या आसपास भरते. घरातला डबल बेड ६ बाय सव्वासहा फुटांचा असतो, हे लक्षात घेतलं म्हणजे चौघांना किती जागा मिळते ते कळतं.

गेल्या हिवाळ्यात आम्हाला तंबू घ्यायचा होता, तेव्हा हा हिशोब शिकावा लागला. सोलापुरात राहणाऱ्याला तंबूची हौस फक्त हिवाळ्यातच परवडते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो, त्या दिवसांत तंबू म्हणजे भट्टीच. माझ्या खालाचं शेत करमाळा तालुक्यात, कंदरच्या बाजूला, उजनीच्या पाण्याजवळ आहे. मोहोळ, टेंभुर्णी करत गेलं की केळीच्या बागा लागतात आणि त्यांच्या मागे भीमेचं अडवलेलं पाणी पसरलेलं दिसतं. थंडीत तिथे रोहित पक्षी येतात. ते पहाटे पाहायचे, तर रात्री मुक्काम हवा. खालाचं शेतावरचं घर दोन खोल्यांचं, त्यात त्यांचीच पाच माणसं. म्हणून तंबू.

आम्ही सहा जण. मी, मुलांचे अब्बू, माझ्या सासूबाई म्हणजे सगळ्यांच्या अम्मी, पंधरा वर्षांची मुलगी आणि अकरा व पाच वर्षांचे दोन मुलगे. बेत ठरला आणि दोनच दिवसांत सहाचे चार झाले. अम्मी म्हणाल्या, “तुम जाव, मैं घर सँभालती.” मुलगी म्हणाली, मला अभ्यास आहे, मी दादीजवळ थांबते. मुलांच्या अब्बूंना वाटलं, चला, चौघांचाच तंबू पुरेल, पैसेही वाचतील.

मला मात्र ते खटकलं. अम्मींना फिरण्याची किती हौस आहे, हे मला लग्नापासून माहीत. मुलगी तर वहीत पक्ष्यांची चित्रं काढत बसते. मग दोघींना एकदम घराची ओढ कशी लागली? मी दोघींशी वेगवेगळं बोलले. अम्मींचे गुडघे दुखतात. घुमटाच्या आकाराच्या छोट्या तंबूत रांगत शिरावं लागतं, ते त्यांना जमणार नव्हतं. नमाज त्या खुर्चीवर बसून पढतात. रात्री दोनदा उठावं लागतं आणि दरवेळी नातवंडांना ओलांडून बाहेर जायचं म्हणजे सगळ्यांची झोपमोड. मुलीचं म्हणणं आणखी साधं होतं. “अम्मी, मी कपडे कुठे बदलू?” तिने विचारलं. महिन्याचे ते दिवस नेमके तेव्हाच आले तर, हे तिने विचारलं नाही, पण मला ते कळलं.

दोघींनी जागा मागितली नव्हती. जागा कमी पडणार हे ओळखून त्या आपणहून बाजूला झाल्या होत्या. आपल्या घरांत हे नेहमीच होतं. गाडीत, लग्नाच्या पंगतीत, पाहुणे आल्यावर खाटेवर जागा कमी पडली, की ‘माझं काय, तुम्ही बसा’ म्हणणारं माणूस ठरलेलं असतं. मग तंबूचा आकडा त्याला वगळून मोजला जातो आणि सगळ्यांना वाटतं, हिशोब बरोबर जमला.

आमच्या घरात तंबूचा खरा अनुभव फक्त अम्मींना होता, हेही तेव्हाच लक्षात आलं. काही वर्षांपूर्वी त्या हजला जाऊन आल्या. मिनाच्या मैदानात लाखाहून जास्त तंबू आहेत, त्यांतल्या एकात त्या राहिल्या. मुलांनी विचारलं तेव्हा त्यांनी हाताने माप दाखवलं. एकेकीला दीड हात रुंदीची गादी, शेजारणीचा श्वास कानाशी. “पण आत उभं राहता येत होतं,” त्या म्हणाल्या, “आणि बायकांची जागा वेगळी होती. म्हणून दाटी वाटली, तरी अडचण वाटली नाही.” मग मुज्दलिफाची रात्र सांगितली. तिथे तंबूच नसतो, उघड्या आभाळाखाली चटईवर पडायचं. माणूस जागेवाचून झोपू शकतो, पण आडोसा आणि उभं राहण्याची सोय नसेल तर अवघडून जातो, असं त्यांच्या बोलण्यातून मला उमगलं. दुकानाच्या यादीत फक्त झोपण्याची जागा मोजलेली असते.

मग आम्ही गच्चीवर गेलो. सहा जणांच्या तंबूची जमीन साधारण १० बाय १० फूट असते. तेवढा चौकोन खडूने आखला आणि सगळ्यांना त्यात झोपायला सांगितलं. शेजारच्या गच्चीवरच्या बायका हसत होत्या, पण या पाच मिनिटांत जे कळलं ते कुठल्याही चित्रावरून कळलं नसतं. अम्मींना गादी आणि खुर्ची धरून ३ फूट दिले, धाकट्याला त्याच्या लाथांसकट २ फूट. मग आमचे चौघांचे बिछाने, पायाशी बॅगा, पाण्याचा कॅन, चपला. चौकोन भरला. दाराकडे जायला वाट उरली नाही. मुसल्ला साधारण ४ फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद, तो अंथरायला जागाच नव्हती. थोडक्यात, छापलेल्या आकड्यातून दोन वजा करावेत. सहा जणांच्या तंबूत चौघं आपल्या सामानासकट नीट राहतात आणि चौघांच्या तंबूत दोन मोठी माणसं आणि एखादं मूल.

उंची खडूने आखता येत नाही, म्हणून ती वेगळी तपासावी. यादीत लिहिलेली उंची तंबूच्या मधोमधची असते. घुमटाकार तंबूच्या भिंती आत कललेल्या असतात, त्यामुळे मध्ये ५ फूट असलेला तंबू कडेला गुडघ्याएवढाच उरतो. कडेला झोपणारा उठून बसला की डोकं कापडाला लागतं, आणि पहाटे त्या कापडाला आतून दव धरलेलं असतं. खोलीसारख्या सरळ भिंतींच्या तंबूत मात्र ६ फुटांच्या आसपास उंची मिळते आणि ती बरीचशी कडेपर्यंत टिकते. ज्या घरात नमाज उभं राहून पढायची आहे, साडी किंवा सलवार-कमीज बदलायचं आहे, कुणाचे गुडघे दुखताहेत, तिथे लांबी-रुंदीच्या आधी उंची पाहावी.

मुलांच्या अब्बूंनी सुचवलं, मग दहा जणांचा एकच मोठा घेऊ. पण मोठा तंबू म्हणजे सगळ्या प्रश्नांचं उत्तर नाही. त्याला तेवढीच मोठी सपाट जमीन लागते, आणि दोरांसाठी चारही बाजूंना आणखी तीन-चार फूट. उजनीच्या उघड्या पाण्यावरून वारा आला की उंच, रुंद कापड शिडासारखं फुगतं. आपल्या भागातली काळी जमीन ओली असली तर चिखल, सुकली की भेगा. त्या भेगाळ मातीत छोट्या मेखा धरत नाहीत. शेतातले लाकडी खुंट किंवा फूटभर लांबीच्या लोखंडी मेखा लागतात. आणि थंडीत मोठा तंबू अंगाच्या उबेने तापत नाही, मोकळ्या खोलीसारखा गारच राहतो. आतला पडदा लावून दोन भाग करता येतात, पण पडद्याने आवाज आणि उजेड अडत नाही.

आपल्याकडे यावर जुना तोडगा आहे. कनात हा शब्द आपण मांडववाल्याकडून ऐकतो, पण तो जुन्या छावण्यांतून आलेला आहे. मंगळवेढा तालुक्यात माचणूरजवळ, याच भीमेच्या काठी, १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी होती. मुघल छावणी म्हणजे एक अवाढव्य तंबू नसे. लहानमोठे अनेक डेरे असत आणि खाशा डेऱ्यांभोवती कापडाच्या उभ्या भिंती. त्या भिंती म्हणजे कनात. तंबू झोपण्यापुरता, आणि आडोसा, अंगण, जाण्यायेण्याची वाट कनातीने आखलेली. आमच्या सहा जणांसाठी तीच रीत बरी, असं ठरलं.

आम्ही एक तंबू विकत घेतला आणि एक ट्रेकला जाणाऱ्या भाच्याकडून उसना आणला. विकत घेतलेला सहा जणांचा, सरळ भिंतींचा, आत उभं राहता येईल असा. त्यात अम्मी, मुलगी आणि मी. उसना चौघांचा घुमटाकार, त्यात मुलांचे अब्बू आणि दोन्ही मुलगे. दोन्हींची दारं समोरासमोर, मध्ये आठ फुटांचं अंगण. अंगणाच्या एका बाजूला बांबू रोवून दोन सोलापुरी चादरी बांधल्या, ती आमची कनात. मध्ये चटई, तिथेच दस्तरखान. मोठा तंबू लावताना त्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली. आपल्याकडून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. त्यामुळे मुसल्ला लांबीत बसला. दार पश्चिमेच्या भिंतीत येऊ दिलं नाही, म्हणजे नमाजीच्या समोरून कुणाला जावं लागू नये. दोन्ही तंबू पाण्यापासून बरेच वर, बांधाजवळ लावले. हिवाळ्यात उजनीचं पाणी हळूहळू मागे सरकत जातं आणि काठाला वरून कोरडी, आतून मऊ अशी गाळाची जमीन उरते. तिथे मेख धरत नाही आणि माणसाचा पायही फसतो.

जागा मोजताना स्वयंपाक कधीच आत धरू नये, हे मात्र जोर देऊन सांगते. मोठा तंबू आहे, वारा सुटलाय, एका कोपऱ्यात चहा करून घेऊ, असं वाटतं. १५ एप्रिल १९९७ रोजी मिनात आग लागली आणि तीनशेहून जास्त हाजी त्यात गेले. त्यानंतर तिथले तंबू आग न धरणाऱ्या कापडाचे झाले. आपण विकत घेतो ते नायलॉन-पॉलिस्टरचे तंबू तसे नसतात. ते क्षणात वितळतात. उबेसाठी कोळशाची शेगडीही आत नेऊ नये. बंद तंबूत तिचा विषारी वायू साठतो, त्याला वासही नसतो आणि झोपेत कळतही नाही. चूल तंबूपासून दहा-पंधरा फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आणि थंडी वाजली तरी वरच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवाव्यात, नाहीतर सगळ्यांच्या श्वासाची वाफ पहाटेपर्यंत पांघरुणांवर पाणी होऊन उतरते.

रात्री अकराच्या सुमारास धाकटा उशी घेऊन आमच्या तंबूत आला. मागोमाग मोठ्याने आवाज दिला, अब्बू घोरताहेत. आम्ही त्यालाही घेतलं. मोठ्या तंबूत पाच जण झालो, तरी दारापर्यंतची वाट मोकळी राहिली. लहान मुलं असलेल्या घराने एका माणसाची जागा नेहमी जास्तीची धरावी, ती रिकामी राहत नाही.

फज्रला मला जाग आली तेव्हा अम्मी खुर्चीवर बसून नमाज पढत होत्या. त्या कधी उठल्या, बाहेर जाऊन वुजू कधी करून आल्या, मला कळलंही नव्हतं. मुलगी कपडे बदलून, दुर्बीण गळ्यात अडकवून दादीची वाट पाहत उभी होती. सातच्या सुमारास ऊन वर आलं आणि पाण्यावर एक लांब गुलाबी रेघ दिसली. बाकीचे बोट दाखवत होते, अम्मी मात्र आपल्या नातीलाच पाहत होत्या.

अनेक भगिनी सुट्टीच्या दिवसांत अशा बेताबद्दल विचारतात, म्हणून सांगते. तंबू विकत घेण्याआधी शक्य तर एकदा भाड्याने किंवा उसना आणून पाहा. गच्चीवर किंवा मस्जिदीमागच्या मोकळ्या जागेत खडूने त्याची जमीन आखा, बिछाने टाका, बॅगा ठेवा, मुसल्ला अंथरा, आणि मग दारापर्यंत कुणालाही न ओलांडता जाता येतं का ते बघा. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत उभं करून पाहा. पैसे कमी असतील तर एका महागड्या तंबूऐवजी दोन साधे घ्या आणि चादरींची कनात करा. आणि माणसं मोजायला बसाल तेव्हा, ‘तुम्ही जा, मी घरी थांबते’ म्हणणारीला यादीतून काढण्याआधी, ती असं का म्हणाली ते तिला एकटीला गाठून विचारा.