बेंबीतून निघालेली गाठ

आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या पोटात पाण्याची गाठ दिसली. कशाची, कुठली, हे मी खोदून खोदून विचारलं. "बाळंतपणानंतर पुन्हा बघू," यापलीकडे डॉक्टर बोलले नाहीत. मुलगी झाली तेव्हा उलगडा झाला. गाठ अंडाशयाची होती. ते आधी सांगणं म्हणजे मुलगी आहे हेच सांगणं, आणि १९९४च्या कायद्यानं त्याला बंदी आहे. आमच्या सोलापुरात कायदा असा काटेकोर पाळणारे डॉक्टर भेटले, याचं मला फार बरं वाटलं.

आईची संप्रेरकं वारेतून बाळाकडे जातात, त्यानं अशी गाठ धरते. जन्मानंतर ती संप्रेरकं ओसरतात आणि लहान गाठी बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप जिरतात. आमची पाच सेंटिमीटरची होती. पुढच्या सोनोग्राफीतही तेवढीच. एवढ्या मोठ्या गाठीनं अंडाशयाला पीळ पडायची भीती असते. पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो आणि अंडाशय निकामी होतो. कॅन्सर या वयात जवळपास नसतोच, हे बालशल्यचिकित्सकांनी आधीच सांगितलं. सासूबाईंच्या मनात वेगळंच होतं. "साहेब, पोरीला पुढं मूलबाळ होईल नव्हं?" त्यांनी सरळ विचारलं. "त्यासाठीच अंडाशय वाचवायचाय, आजी," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनआधी चार तास अंगावरचं दूध बंद. ती भुकेनं मुठी चोखत होती, इकडे माझा पदर भिजून गेलेला. मला जवळ जाववेना. सासूबाई तिला खांद्यावर टाकून वऱ्हांड्यात येरझाऱ्या घालत राहिल्या.

बेंबीतून दुर्बीण घातली. पोटात अगदी हलक्या दाबानं गॅस भरला, सुईनं गाठीतलं पाणी ओढून घेतलं. मग चिपाड झालेली गाठ अंडाशयासकट बेंबीच्याच छेदातून बाहेर घेतली, तिचं आवरण सोलून काढलं आणि अंडाशय जागच्या जागी ठेवला. पोट फाडावं लागलं नाही. संध्याकाळी ती अंगावर प्यायली. आता न्हाऊ घालणाऱ्या मावशींना टाक्याची खूण दाखवूनही दिसत नाही.

कुणाच्या बाळाच्या रिपोर्टात अशी गाठ आली तर घाबरून जाऊ नका, पण पुढच्या सोनोग्राफीची तारीखही चुकवू नका. ऑपरेशन ठरलंच, तर अंडाशय वाचेल का, हे आधी विचारा.