फुलीचा टाका

चि. सोनू,


क्रॉस स्टिच शिकायचंय, असं परवा फोनवर म्हणालीस, तेव्हा किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण घोड्यांच्या मोठ्या चित्राचा तो संच सध्या कपाटात वर ठेवून दे. पस्तीस रंगांचं काम पहिल्याच खेपेला घेतलं की मोजून मोजून जीव कंटाळतो आणि काम अर्धवट पडतं. टाका तर तू पाच मिनिटांत शिकशील. शिकायचं आहे ते मोजणं.

आमच्या लहानपणी याला फुलीचा टाकाच म्हणत. रुखवतातले पोपट, मॅटीवरची तोरणं, सगळं याच टाक्यात. तुझ्या पणजीच्या इरकलीवरची कसुती तू पाहिली आहेस. धारवाडकडच्या त्या भरतकामात चार टाके: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. त्यातली मेंथी म्हणजे आपली फुलीच. त्या बायका कापडावर काही छापून घेत नसत. कापडाचे धागे मोजायच्या आणि गोपुरं, पालख्या, तुळशीवृंदावनं भरायच्या. म्हणूनच नवशिक्याच्या हातात छापील कापड द्यावं, हे मला पटत नाही. छापील फुल्या गिरवून हात चालतो, पण नजर तयार होत नाही.

तू 14 काउंटचं पांढरं आयडा कापड आण. 14 काउंट म्हणजे एका इंचात 14 घरं. नमुना 70 घरं रुंद आणि 56 घरं उंच असेल तर काम 5 बाय 4 इंचांचं होणार. चारही बाजूंना तीन-तीन इंच सोड, म्हणजे कापड 11 बाय 10 हवं. हा हिशेब कापड कापण्याआधी कर. सुई बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची घे, 24 नंबरची. टोकदार सुई घराच्या भोकातून जायच्या ऐवजी कापडाच्या धाग्यातच घुसते.

दोरा सहा पदरी येतो, त्यातले दोनच पदर लागतात. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत दोरा काप आणि पदर एकेक करून ओढून काढ. दोन्ही एकदम ओढलेस की गुंता झालाच म्हणून समज. गाठ मारायची नाही. गाठ उलट्या बाजूला राहते आणि फ्रेम केल्यावर पुढून टेंगूळ दिसतं. त्यापेक्षा एकच पदर दुप्पट लांब घे, मधोमध दुमड आणि त्याची दोन्ही टोकं नेढ्यातून ओव. दुसऱ्या बाजूला फास राहील. सुई खालून वर काढ, पण फास मागेच राहू दे. तिरका अर्धा टाका घालून सुई परत खाली गेली की तिला त्या फासातून काढून हलकेच ओढ. दोरा जागच्या जागी बसतो. संपताना मागच्या चार-पाच टाक्यांखालून सुई सरकव आणि दोरा काप.

प्रत्येक फुलीची वरची तिरपी रेघ एकाच दिशेला झुकलेली हवी. कुठली दिशा, ते तुझं तू ठरव, पण पहिल्या फुलीपासून शेवटच्या फुलीपर्यंत तीच ठेव. एकच फुली उलटी पडली तरी उजेड तिच्यावर वेगळा पडतो आणि ती लगेच उठून दिसते.

आता मोजण्याचं. कॉलेजात असताना मी तोरणाला वेलाची किनार भरायला घेतली ती एका कोपऱ्यापासून. चारही बाजू फिरून आले, तर वेलाची दोन टोकं एका घराने चुकली होती. चूक होती पहिल्याच बाजूला. तीन बाजू उसवताना मला रडू आलं होतं. मॅटीवर लाल दोऱ्याची लव राहिली होती, ती आईने चिकटपट्टीने उचलून काढली आणि कापड परत माझ्या मांडीवर ठेवलं. तेव्हापासून मी आधी कापड चौपदरी दुमडून मध्य काढते, भरायला तिथूनच सुरुवात करते आणि दर 10 घरांवर साध्या शिवणदोऱ्याचा धावदोरा घालून घेते. छापील नमुन्यावरही दर 10 घरांनी जाड रेघ असते, तिच्याशी लगेच ताळा जमतो. काम झालं की धावदोरा ओढून काढायचा.

धुताना गार पाणीच घे, लाल आणि गडद रंग कधीकधी सुटतात. इस्त्री उलट्या बाजूने कर आणि खाली टॉवेल घाल, म्हणजे फुल्या दबत नाहीत.

सोबत एका पानाचा नमुना पाठवते आहे. दोनच हिरवे रंग आहेत, रुंदी 30 घरं. पूर्ण झालं की मला दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. तुझा दोरा कुठून कुठे गेला, हे मला उलट्या बाजूवरच नीट कळेल.

तुझी,
मावशी