रक्तातील वारसा

देवस्थानच्या उत्सवास आमच्यासारखी चार कुळे एकत्र जमली, म्हणजे गोत्र, कुलदेव आणि मूळ गाव यांची चौकशी झाल्यावाचून ओळख पुरी होत नाही. परंतु पूर्वजांनी आपल्या हवाली केलेल्या आणखी एका ठेव्याची विचारपूस कोणी करीत नाही. तो ठेवा रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांचा.

एचआयव्हीच्या विषाणूची बाधा झाल्यावर औषध न घेतल्यास कोणी दोन-तीन वर्षांतच खंगतो; पुष्कळांस एड्सची अवस्था येण्यास आठ-दहा वर्षे लागतात; आणि एखादा, शंभरांत एकही भरणार नाही असा, औषधावाचून विषाणूस वर्षानुवर्षे दाबून ठेवतो. या तफावतीच्या कारणांत जन्मतः लाभलेल्या जनुकांचा वाटा मोठा आहे.

आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाची जनुके असतात. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने पेशीच्या दारात जणू तबक घेऊन उभी असतात. आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे त्या तबकात मांडलेले असतात. रक्षक पेशी येऊन ते न्याहाळतात आणि परका तुकडा आढळताच ती बाधित पेशी नष्ट करतात. विषाणू मात्र रूप पालटून त्यांस चकवितो. परंतु ‘बी ५७’ जातीच्या तबकात विषाणूच्या गाभ्यावरील कवचाचे असे तुकडे येतात, की ते बदलू जाता विषाणू स्वतःच दुबळा होतो. ‘बी २७’चेही तसेच. उलट ‘बी ३५’च्या काही प्रकारांत रोग झपाट्याने बळावतो. माता व पिता यांजकडून निरनिराळी तबके लाभलेला मनुष्य अधिक काळ तग धरतो, असेही १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

तथापि या देणगीस उत्तम-अधम असे नाव देता येत नाही. ‘बी २७’ असलेल्या काहींस पाठीचा कणा ताठरविणारा संधिविकार जडतो. ‘बी ५७’च्या एका पोटप्रकारात अबॅकॅव्हिर हे एचआय‌व्हीवरचेच औषध जिवावर बेतू शकते.

हे सांगण्याचे कारण असे की, पतीपासून बाधा झालेल्या एका स्त्रीविषयी “ज्याचे त्याचे कर्म” असे उद्गार आम्ही सभामंडपात ऐकले आहेत. त्यानंतर ते कुटुंब पालखीस आले नाही. आम्ही विचारतो, जो तगतो तो जर पुण्याईने तगत नाही, तर जी खंगते तिच्या माथी पाप कसे मारावे? जनुके कोणी मागून घेतलेली नाहीत.

१९९६ पासून संयुक्त औषधोपचाराने या रोगाचे रूप पालटले. आपल्या देशात २००४ पासून सरकारी केंद्रांत ती औषधे विनामूल्य मिळू लागली. ती नेमाने घेणाऱ्यास आता दीर्घायुष्याची आशा बाळगता येते, मग त्याच्या वाट्यास कोणतेही तबक आलेले असो. परंतु त्यासाठी प्रथम रोग्याने न भिता तपासणीस गेले पाहिजे. आणि ती भीती तर आपल्याच बोलण्याने उपजते. पालखीच्या वेळी त्या घरास निरोप धाडणे महाजनांस अवघड नाही.