अळंबे, अणबे आणि सिल्वासाचा गुलमोहर

वापीला गाडीतून उतरून सिल्वासाची वाट धरली की पहिले काही किलोमीटर 'इथे जंगल कुठे आहे?' असाच प्रश्न पडतो. दोन्ही अंगांना कारखान्यांच्या भिंती, सूत आणि प्लॅस्टिक वाहणारे ट्रक, ट्रकवाल्यांचे ढाबे. शहर मागे पडून खानवेलचा रस्ता लागला की मग साग सुरू होतो आणि गावाच्या नावाचा अर्थ पटू लागतो. पोर्तुगीज भाषेत 'सिल्वा' म्हणजे वन. त्यावरून सिल्वासा, असे इथले लोक सांगतात. मराठ्यांकडून नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला १७८३ मध्ये, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मोकळे झाले. त्या लढ्यात पुण्या-मुंबईची मंडळी होती, सुधीर फडके होते, हे आपल्याकडच्या जुन्या पिढीला नव्याने सांगायला नको. २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

माझी पुतणी लग्न होऊन इथे आली. जावई सुताच्या कारखान्यात. तिच्या सासूबाई चिकोडीकडच्या, माहेर कन्नड. सासरे अण्णा मराठी शाळेत शिकलेले. सीमाभागातल्या आपल्या घरांत जे चालते तेच इथेही, फक्त त्यात गुजराती आणि हिंदीची भर. नातू शेजारच्या पोरांशी गुजरातीत भांडतो, आईवर मराठीत रुसतो आणि अज्जीकडे लाडू मागतो तो कन्नडमध्ये. बाजारात वारली, कोकणा, धोडिया बायकांची बोली कानावर पडते, तीही निम्मीअधिक समजते.

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे भाद्रपदात कुठेही गेलो तरी माझी नजर झाडांच्या बुंध्यांवर जाते. खानवेलच्या पुढे, साकरतोंड नदीच्या बाजूने आम्ही चालत निघालो. सागाची पाने किडीने खाऊन जाळीदार झालेली, खाली चिखल, आणि वाटेच्या कडेला ऐनाचा एक जाडजूड ओंडका आडवा पडलेला. त्याच्यावर अळंब्यांच्या फळ्या होत्या. इंग्रजीत यांना 'ब्रॅकेट फंगस' म्हणतात. भिंतीवर फळी पेलायला आपण ब्रॅकेट ठोकतो, तसेच हे झाडाला ठोकल्यासारखे दिसते. देठ नाही किंवा अगदी आखूड, छत्री अर्धीच, आणि हाताला लाकडाइतकी टणक.

त्या ओंडक्याने आम्हाला अर्धा तास थांबवले. काही फळ्या ओंडक्याच्या सालीशी काटकोनात, पण जमिनीच्या दृष्टीने उभ्या होत्या, कपाटात पुस्तके लावावीत तशा. काही मात्र जमिनीला समांतर, नीट आडव्या. आणि एकदोन अशा, की जुना भाग उभा आणि कडेला फुटलेला नवा भाग वळून आडवा झालेला. याचे कारण सोपे आहे. या अळंब्यांचे बीजाणू खालच्या बाजूच्या बारीक नळ्यांतून खाली गळतात. नळी जराही तिरकी झाली तर बीजाणू तिच्या भिंतीलाच चिकटून राहतात. म्हणून अळंबे वाढताना पृथ्वीचे आकर्षण ओळखते आणि नळ्यांचे तोंड सरळ खाली ठेवते. झाड उभे असताना आलेल्या फळ्या झाड पडल्यावर उभ्या झाल्या. पडल्यानंतर आलेल्या आडव्या आहेत. म्हणजे हे झाड उभे असतानाच आतून खाल्ले जात होते, आणि पडल्यावरही खाणे थांबलेले नाही.

आपल्याला दिसते ती फळी म्हणजे नुसते फळ. खरा जीव लाकडाच्या आत, तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने पसरलेला असतो. लाकूड बनते मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन यांचे. सेल्युलोज पचवणारे जीव पुष्कळ, लिग्निन पचवणे मात्र फारच थोड्यांना जमते, आणि त्यात ही अळंबी पहिल्या रांगेत. दोन्ही खाणाऱ्या जातींनी पोखरलेले लाकूड पांढरट, मऊ, दोऱ्यादोऱ्याचे होते; त्याला पांढरी कूज म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या जाती सेल्युलोज खाऊन लिग्निन मागे ठेवतात. मग लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फुटते. ही तपकिरी कूज देवदार-चीडसारख्या झाडांत जास्त. आपल्या पानगळीच्या जंगलात बहुतेक पांढरीच दिसते. ऐनाचा तो ओंडका नखाने उकरला तर पांढरे दोरे हातात येत होते.

आता नावांचा प्रश्न. आमच्या शाळेच्या पुस्तकात बुरशी वनस्पतींच्या धड्यात असे. १९६९ मध्ये व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत मांडणी केली आणि बुरशीला स्वतंत्र सृष्टी मिळाली. तिच्या पेशींच्या भिंतीत खेकड्याच्या कवचात असते तसे कायटिन असते, ती स्वतः अन्न तयार करत नाही, आणि वंशवेलीने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. फळीवाल्या अळंब्यांना पूर्वी सरसकट 'पॉलिपोरस', म्हणजे पुष्कळ छिद्रांचे, या एका मोठ्या पोत्यात भरत. स्वीडनच्या एलियास फ्रीस यांच्या काळात, दोनशे वर्षांपूर्वी, दिसण्यावरून भागत होते. पण फळी हा आकार निसर्गात अनेकदा वेगवेगळ्या घराण्यांत आलेला आहे. लाकडातून बाहेर डोकावून बीजाणू गाळायचे, तर सोयीचा आकार तोच. त्यामुळे वरून सारख्या दिसणाऱ्या दोन फळ्या एकमेकींच्या नात्यात असतीलच असे नाही.

म्हणून पहिला नियम: वरून नव्हे, खालून बघा. खानवेलच्या वाटेवरच एवढी विविधता होती की वर्गात महिनाभर शिकवावे. उन्हात वाळलेल्या फांदीवर शेंदरी-लाल रंगाचे पातळ अळंबे, पिक्नोपोरस. खाली सुईच्या टोकाएवढी लाल छिद्रे. दुसऱ्या फांदीवर हेक्झागोनिया; खाली मधमाशांच्या पोळ्यासारखे मोठे षटकोन. कुंपणाच्या खांबावर करड्या, केसाळ, नखाएवढ्या पंख्यांची रांग, ती शिझोफायलम. तिच्या खाली छिद्रे नाहीतच, मधोमध चिरलेल्या पट्ट्या आहेत; म्हणजे आकार फळीचा, घराणे निराळे. उन्हाळ्यात ती वाळून आक्रसते आणि पहिल्या पावसात पुन्हा कामाला लागते. तिच्यात नर-मादी असे दोन नव्हे, वीस हजारांहून अधिक लिंगप्रकार शास्त्रज्ञांनी मोजले आहेत. (हे ऐकून पुतणीने नुसते कपाळाला हात लावला.)

दुसरी पायरी सूक्ष्मदर्शकाची. सिंगापूरच्या उद्यानात काम करणाऱ्या कॉर्नर यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले की अळंबे कोणत्या तंतूंनी विणले आहे यावरून त्याचे घराणे ओळखता येते. वारली घर बघा: कारवीच्या काठ्या, त्या बांधणारी दोरी, वर लिंपण. अळंब्यातही नवे तंतू निर्माण करणारे, ताठ उभे राहणारे आणि दोघांना आवळून धरणारे, असे तीन प्रकार असू शकतात. कुणात एकच, कुणात दोन, कुणात तिन्ही. तिन्ही असले की फळी सुऱ्यालाही दाद देत नाही. शिवाय एक सोपी कसोटी आहे. फेलिनसच्या घराण्यातल्या तपकिरी अळंब्यावर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला की ते काळे पडते. आता डीएनए तपासून जुनी कुळे पुन्हा फोडली जात आहेत. दर काही वर्षांनी नावे बदलतात आणि आम्हा जुन्या मास्तरांची पंचाईत होते.

हे सगळे पुस्तकी वाटेल, पण सिल्वासात पुतणीच्या घरी त्याची गाठ थेट औषधाशी आणि पोराबाळांच्या सुरक्षेशी पडली. त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी मोठा गुलमोहर आहे. सकाळी शाळेच्या बसची वाट बघत मुले त्याच्याखाली उभी राहतात. बुंध्याशी, मातीला टेकून, लाखेचे पॉलिश केल्यासारख्या तांबूस तकतकीत तीन फळ्या आल्या होत्या. अण्णांना साखरेचा त्रास. कुणा ओळखीच्याने त्यांना कॅप्सूलची बाटली विकली होती आणि बाटलीवर हुबेहूब हेच चित्र.

"सर, बाटलीला हजारांच्या वर पैसे मोजतो आणि हे फाटकाशी फुकट उगवलंय. वाळवून काढा करून घेऊ का?" अण्णांनी विचारले.

अज्जी आतून म्हणाल्या, "इदु नायिकोडे अल्ल, औषध आहे म्हणे."

वाचकहो, आपल्या दोन्ही भाषांची गंमत बघा. कन्नडमध्ये नायि म्हणजे कुत्रा, कोडे म्हणजे छत्री. मराठीतही कुत्र्याची छत्रीच. आणि अळंबे-अणबे हे शब्द तर उच्चारात एकमेकांचे शेजारी वाटतात. पण याच 'अणबे' शब्दाला कर्नाटकातला सुपारीचा बागायतदार घाबरतो. 'अणबे रोग' म्हणजे सुपारीचा मूळकुजीचा रोग. झावळ्या पिवळ्या पडून लोंबतात, खोडातून तपकिरी चीक येतो, आणि बुंध्याशी तकतकीत फळी दिसते तोपर्यंत झाड हातचे गेलेले असते. शेजारच्या झाडांकडे मुळांवाटे रोग जाऊ नये म्हणून मधे चर खणतात. तो रोग गॅनोडर्माचा. गुलमोहर, खैर, सुरू, नारळ यांनाही तोच पोखरतो.

फाटकाशी होते ते गॅनोडर्माच. जात कोणती, हे मात्र नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, आणि अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच होते. बाटलीवर नाव छापले होते 'गॅनोडर्मा ल्युसिडम'. ही जात कर्टिस यांनी १७८१ मध्ये वर्णन केली ती लंडनच्या पेकहॅम भागातल्या नमुन्यावरून. गॅनोडर्मा हे कूळ फिनलंडच्या कार्स्टन यांनी १८८१ मध्ये केले. पुढे चीन-जपानच्या औषधी अळंब्यालाही, तकतकीत आहे म्हणून, तेच नाव चिकटले. चीनच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये ती जात वेगळी काढून तिला 'लिंगझी' हे नाव दिले, आणि खरे नाव कोणते यावर वाद झालाच. म्हणजे नाव लंडनचे, औषध चीनचे आणि फळी सिल्वासाच्या गुलमोहरावरची. तिन्ही एकच मानायला आधार काय?

"आणि अण्णा," मी म्हटले, "चीनची खरी जात मिळाली तरी तुमच्या गोळ्यांऐवजी ती घेऊ नका." कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये उपलब्ध चाचण्या तपासल्या, मधुमेहाच्या रुग्णांत रक्तातली साखर किंवा हृदयाचा धोका कमी करण्यासाठी हे वापरावे, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. अण्णा थोडे नाराज झाले. बाटली मात्र त्यांनी डॉक्टरांना दाखवायला पिशवीत टाकली.

मला जास्त काळजी झाडाची होती. वर हिरवागार पसारा, म्हणून कुणाला शंका नव्हती. पण बुंध्याशी फळी येते ती आतले लाकूड बराच काळ खाल्ल्यानंतर. लाकडी हातोडीने ठोकत फेरी मारली. रस्त्याकडच्या बाजूला आवाज पोकळ येत होता. फळ्या तोडून टाकल्याने काही होत नाही, आंबे काढले म्हणून आंब्याचे झाड मरत नाही तसेच. सोसायटीच्या चिटणीसांनी दुसऱ्याच दिवशी बसचा थांबा पलीकडे हलवला, स्कूटर तिथे लावणे बंद केले आणि झाडाच्या तपासणीसाठी नगरपालिकेकडे अर्ज दिला.

आपल्याकडे या अळंब्यांचा औषधी उपयोग नाहीच, असे नव्हे. कोकणात आणि गोव्यात फणसाच्या खोडावरचा काळपट, दगडासारखा 'फणसोंबा' अनेक घरांत ठेवलेला असे. लहान मुलांची लाळ फार गळत असली, हिरड्या सुजल्या, तर तो पाण्यात उगाळून लावत. पुणे विद्यापीठाच्या जे. जी. वैद्य यांनी अशा लोकऔषधांची शास्त्रीय नोंद केली. फणसोंबा या एका नावाखाली फेलिनसच्या एकाहून अधिक जाती येतात, म्हणजे आजीच्या डब्यातले तुकडे एकाच जातीचे असतीलच असे नाही. युरोपातही हे जुनेच. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ दोन प्रकारची लाकडावरची अळंबी होती. एक ठिणगी धरायला, दुसरे बहुधा औषधाला.

जाणकाराला दाखवायला नमुना काढायचा असेल तर थोडी तयारी लागते. अभयारण्याच्या हद्दीत काहीही तोडू नये. बाहेरही एकच फळी घ्यावी, बुडासकट. कोणत्या झाडावर होती, झाड जिवंत की मेलेले, जमिनीपासून किती उंचीवर, ताजेपणी वरचा आणि खालचा रंग काय, कूज पांढरी की तपकिरी, हे तिथेच लिहून घ्यावे, कारण वाळल्यावर यातले निम्मे कळत नाही. झाडाचे नाव मराठी किंवा कन्नडमध्ये लिहिले तरी चालते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर यांच्या नावाचा कवकांचा मोठा संग्रह आहे आणि तिथे कवके ओळखण्याचे काम चालते. पाठवण्याआधी नमुना सावलीत वाळवावा आणि कागदी पिशवीत घालावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवसांत त्याच्यावर दुसरीच बुरशी चढते.