तारापूरचे ऊन पाणी

आम्हां छत्रीबागेतील मंडळींना पाणी म्हणजे जलूदहून चढवून आणलेली नर्मदा. समुद्र पाहावयाचा तो पाहुणा म्हणूनच. गेल्या मार्गशीर्षात बोईसरला भाच्याकडे जाणे झाले आणि दोन दिवस तारापूरच्या किनाऱ्यावर गेले.

येथील अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या; ५४० मेगावॅटच्या आणखी दोन २००५-०६ मध्ये आल्या. भट्टीत निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांशाची वीज होते. उरलेली बहुतेक समुद्राच्या पाण्याबरोबर समुद्रातच परत जाते. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. शिवाय नळांत कालवे-शिंपले वाढू नयेत म्हणून घातलेल्या क्लोरीनचा अंश त्यात राहू शकतो. समुद्रकाठच्या नव्या औष्णिक केंद्रांना कायद्याने सात अंशांच्या वाढीची मर्यादा आहे. पण सात अंश बोंबलाच्या पिलाला सोसतात का, हे कायद्याला कसे कळणार?

भाचा प्राणिशास्त्राचा अध्यापक. तो म्हणाला, "मामा, एकदा तापमान पाहून काही कळत नाही. पाणी आत घेतात तेथे, सोडतात तेथे आणि ऊन पाणी पोचत नाही अशा दूरच्या जागी, प्रत्येक ऋतूत त्याच ठिकाणी नमुने घ्यावे लागतात. सूक्ष्म जीव, चिखलातले किडे, माशांची अंडी, सगळे मोजायचे. तेही भरती-ओहोटी सांभाळून."

कोळीवाड्यात एक वृद्ध मांगेले आजोबा भेटले. पूर्वी काठाशी मिळणाऱ्या मासळीसाठी आता फार आत जावे लागते, असे ते सांगत होते. मी शाळामास्तरच, सवयीने विचारून बसलो, "कुठे लिहून ठेवले आहे का?" ते हसले. विचारताच मला माझीच लाज वाटली. भाच्याचे म्हणणे असे की, यांत्रिक होड्यांची बेसुमार मासेमारी, कारखान्यांचे सांडपाणी आणि ऊन पाणी यांतला दोष कोणाचा किती, हे जुन्या नोंदींवाचून सांगता येत नाही. आजोबांचे खरे असले तरी ते कागदावर नव्हते.

निघताना त्यांच्या सातवीतल्या नातवाला मी एक शंभर पानी वही दिली. दुसऱ्या दिवशी त्याने पहिले पान दाखविले : तिथी, भरतीची वेळ, जाळे कुठे टाकले, किती पाट्या. पाट्यांचा आकडा खोडून एकाने कमी केलेला होता. आजोबांनी तो खोडायला लावला होता. एक पाटी शेजाऱ्यांची होती म्हणे.